बाइंड, बाउंड आणि बाबांची जुजबंदी

मागच्या महिन्यात एका आरोग्य शिबिरासाठी सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारावरचं चार पानांचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करून द्यायचं काम आलं. काम तसं छोटंसंच, एका दुपारचं, पण त्यातल्या एका शब्दापाशी मी तीन दिवस अडकून बसले. शब्द अगदी साधा, पाचवीतलं पोरगंही अर्थ सांगेल असा, बाइंड. डिक्शनरी उघडली की पहिलाच अर्थ बांधणे. वाक्य असं होतं की हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजनला बाइंड करतं. मी लिहिलं 'ऑक्सिजन हिमोग्लोबिनशी बंधित होतो', कारण शास्त्राच्या पुस्तकांत असंच काहीतरी लिहितात, आणि ती कच्ची प्रत घेऊन शिबिराच्या आधीच्या बैठकीला गेले. तिथं दोन आशाताई होत्या आणि पेशंट मुलांच्या तीन-चार आया होत्या. त्यातल्या एकीनं ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे हवेले बांधून ठेवते का जी ते? मंग ते सुटते कवा?"

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. म्हणजे शास्त्राचं उत्तर माहीत होतं, पण माझ्या वाक्यात ते नव्हतं. आणि त्या बाईनं नेमकं तेच विचारलं होतं जे विचारायला पाहिजे, सुटतं कधी.

घरी येताना बसमध्ये डोक्यात तेच चालू होतं, आणि मग बाबांची आठवण आली कारण हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलेला आहे, फक्त दुसऱ्या शब्दांत. बाबा बाइंडर. नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या जवळ एका बोळीत त्यांची आठ बाय दहाची खोली होती, त्यात एक कटिंग मशीन, एक लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि भिंतीला टेकून रचलेले पुठ्ठे. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून, त्यामुळे त्या पातेल्याला हात लावला की आई ओरडायची. शाळेच्या वह्या, वकिलांची जाड कायद्याची पुस्तकं, लायब्ररीची फाटलेली पुस्तकं आणि मे-जून आला की विद्यापीठाचे थिसिस, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं.

बाबा पुस्तक कसं शिवायचे ते अजून डोळ्यासमोर आहे. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे वीस-पंचवीस फर्मे क्रमानं जुळवायचे, ठोकून सरळ करायचे, आणि मग एकेक फर्मा मधोमध उघडून घडीच्या आतून सुई बाहेर, बाहेरून आत, पुढच्या फर्म्याला गाठ देऊन वर. ह्याला ते जुजबंदी म्हणायचे. जुज म्हणजे भाग, आपला फर्मा, आणि बंदी म्हणजे बांधणी. दुसरी सोपी पद्धत होती, सगळे फर्मे एकावर एक ठेवायचे आणि कडेनं दाभणानं आरपार टोचून दोरा ओढायचा. त्यात वेळ कमी लागतो आणि दिसायला ते जास्त मजबूत दिसतं, पण असं पुस्तक कधीच नीट उघडत नाही, मधली अक्षरं पाठीत गडप होतात, वाचणारा जोर लावतो आणि एक दिवस पाठ मोडते. म्हणून बाबा सांगायचे की बाजूनं टोचलेलं हिशोबाच्या वहीला चालेल, पुस्तकाला नाही. जुजबंदी झाली, पाठीला सरस लागला, अस्तराचा कागद आणि पुठ्ठा चढला, रात्रभर शिकंज्यात राहिलं की सकाळी ते पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवायचे आणि हात काढून घ्यायचे. आपलं आपण उघडं पडून राहिलं तर बाइंडिंग बरोबर. मिटायला लागलं तर कुठंतरी दोरा जास्त ओढला गेलाय.

गंमत बघा (मला खरंच ह्यात फार आनंद होतो), बाबा दिवसभर दोन शब्द वापरायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना बाइंडिंग आणि कामाला बसले की जुजबंदी. बाइंडिंग इंग्रजीतून आलं, जुजबंदीतलं बंदी फारसीतून. आणि हे दोन्ही मुळात एकच. इंग्रजीचा जुना शब्द बिंदान, जर्मनमध्ये आजही बिंडेन, फारसीत बंद, संस्कृतात बन्ध्, आणि त्यातूनच आपलं बांधणे. हजारो वर्षांपूर्वी एका भाषेतून फुटलेल्या फांद्या, त्यातली एक इंग्लंडला गेली, एक इराणात राहिली, एक आपल्याकडे, आणि तिन्ही महालातल्या त्या खोलीत एकाच टेबलावर येऊन बसल्या. आणि पोरं थिसिस घेऊन यायची त्याला मराठीत काय म्हणतो आपण, प्रबंध. तोही बन्ध् मधलाच! निबंध, प्रबंध, संबंध, बंधू, सगळी एकाच घरातली भावंडं.

फारसीकडून आलेली भावंडं तर आपण ओळखतही नाही इतकी मुरलीत. बंद दार, नाकाबंदी, नजरबंद, गाण्यातली बंदिश. आणि बंदोबस्त. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत जिकडेतिकडे पोलीस बंदोबस्त, ते बंद-ओ-बस्त म्हणजे बंद आणि बस्त, आणि ही दोन्ही 'बांधणे' ह्या एकाच फारसी क्रियापदाची रूपं आहेत. बांधून पुन्हा बांधलेलं, इतकं पक्कं. ह्याच घरातून इंग्रजांनी आपल्याकडून काही शब्द उचलूनही नेले. आपली बांधणी, म्हणजे गाठी मारून रंगवलेलं कापड, तिच्यावरून त्यांचा बंडाना आला, कमरबंदाचं कमरबंड झालं, आणि नदीकाठच्या बांधाला ते बंड म्हणायला लागले, शांघायचा तो प्रसिद्ध नदीकाठचा रस्ता बंड म्हणून ओळखला जातो तो ह्याच शब्दावरून. म्हणजे शेताच्या धुऱ्यावरचा आपला बांध चीनपर्यंत जाऊन आला.

पण हे नातं सापडलं म्हणून भाषांतर सोपं होत नाही, उलट फसायला होतं. मी नवीन नवीन काम करायला लागले तेव्हा एका प्रवासवर्णनात नागपूरला जाणाऱ्या गाडीसाठी 'बाउंड फॉर' असं होतं, आणि मी त्याचा संबंध बांधण्याशी लावून ती गाडी नागपूरशी 'बांधलेली' वगैरे काहीतरी लिहून बसले होते. संपादकांनी खाली लाल पेनानं फक्त 'निघालेली' लिहिलं. मला ते फार लागलं होतं तेव्हा, म्हणून मग शोधायला बसले. तर हा बाउंड वेगळाच निघाला, बाइंडचा भूतकाळ नाहीच तो. तो आलाय जुन्या नॉर्स भाषेतून, त्या लोकांच्या बुइन शब्दातून, अर्थ 'तयार, सज्ज'. गाडी नागपूरला जायला सज्ज आहे, बस. उडी मारणारा बाउंड तिसराच, तो फ्रेंचमधून, आणि हद्द ह्या अर्थाचा बाउंड, बाउंड्रीमधला, चौथा, तोही फ्रेंचवाटे आलेला पण मूळ पुन्हा वेगळं. चार माणसं एकाच नावाची, एकाच गल्लीत राहतात, आणि पोस्टमन पत्र भलत्याच दारात टाकून जातो. गुलामगिरीसाठी जो बॉण्डेज शब्द आहे ना, मला वाटायचं तो तर नक्कीच बांधण्यातला असणार, साखळदंड वगैरे, तर तोही नाही. तो जुन्या बोंडा शब्दातला, बोंडा म्हणजे घरदारवाला शेतकरी, मग कुळ, मग वेठीला धरलेला माणूस, आणि बॉण्डसारखा दिसतो म्हणून लोकांनी नंतर त्याला बांधल्याचा अर्थ चिकटवला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. शेतकरी ह्या शब्दाचा गुलाम व्हायला किती पिढ्या लागल्या असतील.

कायद्याच्या कागदात बाइंड आला की मात्र मला भीती नाही वाटत, तिथं मराठी शब्द तयार आहे, बंधनकारक. घटनेचं कलम १४१ सांगतं की सर्वोच्च न्यायालयानं जो कायदा सांगितला तो देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. इथं सुटायचा प्रश्नच नाही, म्हणजे सुटायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयानंच सोडवायचं किंवा संसदेनं कायदा बदलायचा. पण सही केलेला प्रत्येक कागद असा नसतो हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार घ्या. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी सह्या केल्या, विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं असं त्यात आहे, म्हणून तर दर हिवाळ्यात सगळं सरकार इकडं येतं. तर आमच्याकडे चहाच्या टपरीवर सत्तर वर्षं एकच वाद चालू आहे, हा करार बंधनकारक होता की नुसता शब्द दिला होता. माझं स्वतःचं मत असं की शब्द दिलेला माणूसही बांधलेलाच असतो, कोर्टात नेता येत नाही म्हणून गाठ सैल होत नाही. मराठीत त्याला एक फार चांगला शब्द आहे, बांधील. आणि बांधिलकी. बंधनकारक म्हणजे बाहेरून कोणीतरी बांधलेलं, आणि बांधील म्हणजे आपण स्वतःच गाठ मारून घेतलेली. इंग्रजीत दोन्हीला बाउंडच म्हणतात, आपल्याकडे फरक करता येतो, आणि कराराचं भाषांतर करताना हा फरक मी फार जपून वापरते कारण एक शब्द चुकला तर खालच्या सहीचा अर्थच बदलतो.

माझा भाचा नागपूरच्या मिहान ह्या औद्योगिक भागात एका कंपनीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला म्हटलं तुमच्याकडे बाइंड म्हणजे काय रे, तर तो म्हणाला मावशी आमच्याकडे दिवसातून दहा वेळा येतो. इंटरनेटवर आपण नाव टाकतो आणि त्या नावाचा आकड्यातला पत्ता शोधून मिळतो, ते काम करणारं एक जुनं प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे त्याचंच नाव बाइंड, बर्कली विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी लिहिलेलं. आणि दुसरं म्हणजे एखादा सर्व्हर प्रोग्रॅम सुरू झाला की तो मशीनच्या एका पोर्टला बाइंड होतो, वेबसाइटसाठी ८० नंबरचा पोर्ट समज, मग त्या पोर्टवर दुसऱ्याला बसता येत नाही, दुसऱ्यानं प्रयत्न केला की 'पत्ता आधीच वापरात आहे' असा एरर येतो. मी म्हटलं म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. तो म्हणाला अगदी तसंच, आणि कधी कधी माणूस उतरून जातो पण रुमाल तिथंच राहतो, मग थोडा वेळ थांबावं लागतं. बघा, इथं बांधण्याचा काहीच संबंध नाही, इथं बाइंड म्हणजे धरणं. जागा धरणं. हा 'धरणे' मी मनात टिपून ठेवला, पुढं तोच कामाला आला.

स्वयंपाकातला बाइंड तर आता मराठीच झालाय, कटलेटला बाइंडिंग येत नाही म्हणून ब्रेडचा चुरा घाल, असं आमच्या शेजारच्या काकूही म्हणतात ज्यांना दुसरं इंग्रजी येत नाही. आई मात्र म्हणायची मिळून आलं पाहिजे. पीठ मिळून आलं, लाडू मिळून आला. आणि आमच्या घरी लाडू बांधतात, माझ्या पुण्याच्या जावेकडे वळतात, ती पहिल्यांदा आली तेव्हा आईनं विचारलं "लाडू बांधू लागते का" तर ती दोरा शोधायला लागेल अशा चेहऱ्यानं बघत होती.

मला इंग्रजी बाइंडबद्दल एक गोष्ट कायम खटकते. तो शब्द बहुतेक वेळा आवळतो. जखमेला पट्टी बांधतो, हातपाय बांधतो, चीनमधल्या मुलींची पावलं बांधायचे त्यालाही बाइंडच, पोट धरणाऱ्या खाण्याला तेच, आणि माणूस कात्रीत सापडला की 'इन अ बाइंड'. आपलं बांधणे आवळतं पण उभंही करतं. आपण घर बांधतो. पूल बांधतो, विहीर बांधतो, देऊळ बांधतो. इंग्रजीत घराला बाइंड म्हणून बघा, हसतील लोक. मला वाटतं कूड आणि छप्पर खरोखर बांधूनच घरं उभी राहायची, बांबू, वासे, सुंभ, पऱ्हाटी, आणि नंतर सिमेंट आलं तरी शब्द तोच राहिला, बांधकाम. आणि मग मनातल्या गोष्टीही आपण बांधतो, अंदाज बांधतो, आडाखे बांधतो, खूणगाठ बांधतो, चंग बांधतो, विरोधी पक्षांची मोट बांधतो. पोळ्याला तोरण बांधतो ते तुटण्यासाठीच बांधतो. प्रवासाला निघालेल्याला डबा बांधून देतो. एवढी सगळी बांधाबांध करणारी भाषा असताना मी त्या माहितीपत्रकात 'बंधित' लिहिलं होतं, ज्याच्यात ना बांधणं आहे ना सुटणं.

तर परत हिमोग्लोबिनवर. आपल्या लाल पेशीत हे हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, त्याच्या एका रेणूवर चार जागा असतात, चार ऑक्सिजनला बसायला. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर म्हणून चारी जागा भरतात, आणि रक्त फिरत फिरत हातापायात, पोटात, मेंदूत गेलं की तिथं ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तो सोडला जातो. घट्ट धरून बसलं तर काय होतं तेही आपल्याला माहीत आहे, हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात ना, तिथं कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं, आणि सोडत नाही. म्हणजे सगळी मेख सोडण्यात आहे. बाबांचं पुस्तक उघडं पडून राहतं तसं.

आणि सिकलसेलमध्ये काय होतं, त्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, एवढाच फरक, आईबाबांकडून आलेला. ऑक्सिजन धरतं बरोबर, सोडतंही, पण सोडल्यावर ते हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांनाच चिकटतात, त्यांच्या लांब काड्या तयार होतात, आणि गोल लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. विळा म्हणजे सिकल. अशा पेशी बारीक नळ्यांत अडकतात, मग हाडं, सांधे, पोट, अशा कळा येतात की मूल लोळतं. साधी लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत मरते, म्हणून रक्त कायम कमी. हे आमच्या भागातलं दुखणं आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, इथल्या किती घरांत आहे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून, त्यामुळे आता तपासणी वाढलीय आणि असली पत्रकंही निघतात. पण पत्रक वाचून आईला कळलं नाही तर त्याचा काय उपयोग, ती लेकराला पाणी पाजायचं, उन्हात जास्त फिरू द्यायचं नाही, ताप आला की लगेच न्यायचं हे सगळं नुसतं सांगितलं म्हणून करेलच असं नाही, का करायचं ते समजलं की जास्त करेल. असं माझं अनुभवावरून मत आहे.

त्या इंग्रजी मजकुरात बाइंड दोनदा होता, एकदा ऑक्सिजनसाठी आणि एकदा त्या रेणूंनी एकमेकांना बाइंड होण्यासाठी, आणि मी दोन्हीकडे 'बंधित' लिहिलं होतं. म्हणजे औषध आणि आजार दोघांना एकच नाव! तिसऱ्या दिवशी रात्री लिहिलं, 'रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन धरते आणि शरीरात जिथं लागेल तिथं सोडते. सिकलसेलच्या रुग्णात ते ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून बसते.' बांधणे कुठंच नाही. पुढच्या बैठकीला त्याच ताई होत्या, त्यांना वाचायला दिलं, त्यांनी वाचलं आणि मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न, "मंग चिकटू नये म्हून काय कराव लागते?" त्याचं उत्तर दुसऱ्या पानावर होतं, त्यांनी स्वतःच पान उलटलं.

परवा छापून आलं. बाबांना दाखवायला महालात गेले, ते आता दुकानात फारसे बसत नाहीत, हात थरथरतो, पण दुपारी एखादा तास येऊन बसतात. पत्रक हातात घेतलं, चष्मा वर केला, आधी घडी बघितली, नखानं दाबून, मग मधली पिन बघितली, मग उघडून टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

"घडी जरा तिरपी पडली," म्हणाले, आणि वाचायला लागले.